धुतलेली रेती

साहेब,

त्या सोमवारी सकाळी मी तुमच्या घराचा दरवाजा फोडला. हातोडी तुमचीच होती. पहिल्या घावाला दरवाजा नुसता दचकला, दुसऱ्याला कडीच्या बाजूला चीर गेली आणि पुढचे घाव मी महादेवाचं नाव घेत घातले. सागवान तुम्ही स्वतः वखारीत जाऊन निवडलेलं, त्यामुळे ते सहज मोडणार नव्हतंच. आतून भाभी ओरडत होत्या, "चोर! डाकू! पोलीस को बुलाऊंगी!" आणि बाहेरून मी ओरडत होतो, "बोलवा भाभी, पोलिसांनाही बोलवा, पण आधी कडी काढा!" कडी निघाली नाही. माझ्या तळहाताची सालं निघाली. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन मोबाइलवर सगळं टिपत होती. त्यांना काय दिसलं असेल, मी समजू शकतो. कपाळावर भस्म लावलेला, पन्नाशीला टेकलेला एक माणूस घामानं थबथबून एका म्हातारीच्या दारावर हातोडी चालवतोय. मी नेहमीप्रमाणे अंबरनाथच्या देवळात दर्शन घेऊन थेट आलो होतो. भस्म घामाबरोबर डोळ्यांत उतरत होतं आणि डोळे चुरचुरत होते. तुम्ही तिथं असता तर तुमचा नेहमीचा प्रश्न विचारला असता: हातोडी कशासाठी असते?

ती कशासाठी असते हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी तुमच्याकडे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सोनिवलीची जिल्हा परिषदेची शाळा, मग पॉलिटेक्निक, हातात सिव्हिलचा डिप्लोमा. कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून आईनं गावदेवीपुढे नारळ फोडला होता. मला वाटलेलं, मोठं टेबल असेल, पंख्याखाली बसून मी बीम-कॉलमची गणितं करीन. खिशात दोन नवी पेन्सिली होत्या. तुमचं ऑफिस उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, खाली लग्नाच्या कपड्यांचं दुकान, वर दोन खोल्या, आणि जिन्यापासूनच नकाशे छापायच्या अमोनियाचा नाक जाळणारा वास. तुम्ही माझी फाइल उघडलीसुद्धा नाहीत. "कहाँ का है?" म्हणालात. मी गाव सांगितलं. "आगरी?" मी हो म्हणालो. "घरी काय?" "भातशेती. आईकडचे मिठागरवाले." तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलंत. "मिठागरवाल्याचा नातू? फिर तो तेरी जीभ काम की है. चल."

स्कूटरवर मागे बसवून तुम्ही मला एका साइटवर नेलंत. तिथं खाडीच्या रेतीचा ढीग पडला होता. मी कागद-पेन्सिल काढतोय तोवर तुम्ही एका हातानं माझा जबडा धरलात आणि दुसऱ्या हातानं मूठभर रेती तोंडात कोंबलीत. मला ठसका लागला. मी थुंकायला वाकलो तर तुम्ही मानेवर थाप मारून परत सरळ केलंत. "थूकना नहीं! पहले बोल. खारा है?" बोलता कुठं येत होतं? दातांत कण कचकचत होते, नाकात रेती गेली होती, डोळ्यांतून पाणी. तुम्ही आणखी एक मूठ उचललीत. मुकादम हसत होता, पण तोही घाबरला. "साहेब, पोरगं मरंल." तुम्ही म्हणालात, "मरेगा तो एक मरेगा. स्लॅब गिरा तो कितने?" शेवटी मी कसाबसा ओरडलो, "आहे! खारट आहे!" तसे तुम्ही मला सोडून मुकादमाकडे वळलात. "सुना? ट्रक वापस."

त्या दिवशी घरी गेलो तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. बाबा ओटीवर बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मारला तं मारला, पन वालू कनाला चारली?" माराचं नाही, वाळू कशाला चारली याचंच त्यांना नवल होतं. आई म्हणाली, उद्यापासून जाऊ नकोस. मी दुसऱ्या दिवशी गेलो. का गेलो, हे आजही मला नीट सांगता येत नाही. पॉलिटेक्निकमध्ये इतकी वर्षं शिकलो, पण इमारत पडली की माणूस मरतो, हे तिथं कुणी मला असं शरीराला लागेल असं सांगितलं नव्हतं.

तुमच्या ऑफिसात नव्या इंजिनिअरला पहिलं वर्षभर पेन्सिल मिळत नसे. त्याला हातोडी मिळे. छोटी, आंब्याच्या लाकडाच्या दांड्याची. ती घेऊन जुन्या इमारतींतून फिरायचं, भिंती, बीम, छत ठोकायचं आणि कान द्यायचा. धड काँक्रीट टणकन बोलतं. रेतीतल्या मिठानं आत सळई गंजून फुगली असेल, वरचा थर सुटला असेल, तर भद्द असा आवाज येतो, मेलेल्या ढोलासारखा. मी चुकीचा आवाज सांगितला की तुम्ही लोखंडी पट्टी फेकून मारायचात. एकदा ती भुवईवर बसली, तो व्रण अजून आहे. माझी बायको लग्नाआधी बघायला आली तेव्हा तिनं पहिला प्रश्न त्याचाच विचारला होता. मी सांगितलं, शाळेत पडलो.

आता तुमच्या त्या इमारतीबद्दल, जिथला दरवाजा मी फोडला. फाळणीनंतर तुम्ही दोन-तीन वर्षांचे असताना तुमच्या आईच्या कडेवर बसून या कॅम्पात आलात, बराकीत वाढलात, गोणपाटाच्या पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब, असं तुम्ही कधीतरी रागाच्या भरात सांगायचात. शांतपणे कधीच नाही. त्याच बराकीतल्या कुटुंबांनी एकत्र येऊन शेजारच्या मोकळ्या जागेत इमारत बांधायचं ठरवलं आणि सगळं तुमच्या हाती सोपवलं. मी तेव्हा तुमच्याकडे नवाच होतो. त्या वर्षी नळाला पाणी नव्हतं, म्हणून मागच्या बाजूला, नाल्यापासून थोडं अंतर ठेवून, तुम्ही बोअरिंग मारलंत. पाणी लागलं तेव्हा अख्खी बराक नाचली. भाभींनी केशर घातलेला गोड भात वाटला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, वास नाही, रंग नाही. तुम्ही ओंजळीत घेऊन चूळ भरलीत आणि हसलात. तुम्हाला हसताना मी क्वचितच पाहिलं.

खाडीची रेती तुम्ही त्या पाण्यानं धुवून घेत होतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हौदात बायका गुडघ्यापर्यंत उभ्या राहून रेती ढवळायच्या आणि प्रत्येक ढिगातली चिमूट तुमच्या जिभेवर गेल्याशिवाय मिक्सर सुरू व्हायचा नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी मुकादमानं एक ढीग न धुताच पुढे सरकवला होता. तो धुतलाय असं त्यानं मला सांगितलं आणि मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही चिमूट तोंडात टाकलीत, थुंकलात, आणि सगळ्यांसमोर माझ्या कानफटात दिलीत. मी हौदात पडलो. उठलो तेव्हा डाव्या कानात शिट्टी वाजत होती. "तेरी जीभ कहाँ थी?" असं तुम्ही विचारत होतात ते मला ओठांच्या हालचालीवरून कळलं. मग पॅन्ट दुमडून तुम्ही स्वतः हौदात उतरलात आणि अंधार पडेपर्यंत बायकांबरोबर रेती धुतलीत.

दुसऱ्या दिवशी भाभींनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून कानात लसणीचं कोमट तेल घातलं. बराकीतलं ते स्वयंपाकघर म्हणजे चूल, एक कपाट आणि भाभी. तेल घालताना त्या तुम्हाला शिव्या देत होत्या. "राक्षस है पूरा. पुट, तू भी एक लगा देता." त्या मला पुट म्हणायच्या, सिंधीत मुलगा. मी म्हणालो, "भाभी, साहेबांना?" "तो क्या हुआ? मैं रोज लगाती हूँ." बाहेरून तुम्ही खाकरलात. "सुन रहा हूँ." "सुनो, सुनो," भाभी म्हणाल्या आणि मला दालपकवानाची ताटली दिली. त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. म्हणून मी ठोकताना उजवा कान भिंतीकडे करतो.

एका सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर अंबरनाथच्या देवळात आला होतात, आठवतं? तुमचा देव झुलेलाल. नदीचा, पाण्याचा. मी पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाऊन आलो तोवर तुम्ही बाहेर काळ्या दगडांवरून हात फिरवत होतात. म्हणालात, "किती शे वर्षं उभं आहे. माहिताय का?" मी म्हणालो, "देवाची कृपा." "कृपा तो है. पर इसमें लोहा नहीं है. जंग किसको लगेगा?" मग म्हणालात, "हम लोग लोहा डालते हैं, फिर जिंदगीभर उसको पानी से बचाते हैं." मी ते वाक्य त्या वेळी इंजिनिअरचं बोलणं म्हणून ऐकलं.

मग तो पाइपवाल्यांचा दिवस. अंबरनाथच्या एका बिल्डरला अर्धवट कुजलेल्या इमारतीसाठी मजबुतीचं सर्टिफिकेट हवं होतं आणि तुम्ही देत नव्हतात. दुपारी तीन माणसं जिना चढून आली. त्यांतल्या एकानं तर चपला बाहेर काढल्या होत्या, हे मी विसरू शकत नाही. त्यांनी तुमचा उजवा हात टेबलावर धरला आणि पाइपानं मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कोरडा, स्वच्छ आवाज, टणक लाकडासारखा. माझ्या हातात काय आहे हे मला कळायच्या आत मी तुमची हातोडी चालवली होती. त्यांतल्या एकाच्या गुडघ्याची वाटी फुटली. तो जमिनीवर लोळत आईला हाका मारत होता आणि मी परत हात उचलला होता. तुम्ही टेबलाखाली पडलेले, तोंडातून रक्त, आणि तिथून तुम्ही माझ्यावर ओरडलात. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. "हथौडी नीचे रख! वो सुनने के लिए है!"

बाकीचे दोघे त्याला उचलून पळून गेले. दवाखान्यात जाताना रिक्षात तुम्ही शुद्धीवर होतात. मी रडत होतो. तुम्ही म्हणालात, "मुझे भी मारना अच्छा लगता है, पुट. इसलिए बोलता हूँ." त्या वाक्यावर मी अनेक सोमवार देवळात बसून विचार केला आहे. प्लास्टर असताना तुम्ही डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, त्या बिल्डरला नकार लिहून पाठवलात. दोन-अडीच वर्षांनी तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. बाराव्या दिवशी भाभींनी ती हातोडी कापडात गुंडाळून मला दिली. तिच्यावर त्या माणसाच्या गुडघ्याचं रक्त होतं की नाही, मला माहीत नाही. मी ती घरी नेऊन देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. त्यानंतर तिनं मी फक्त ऐकत आलो.

गेल्या वर्षी तुमच्या इमारतीचा सेक्रेटरी माझ्याकडे आला. तुमच्या शेजारच्या मिठाईवाल्याचा मुलगा. आता त्याचं मोबाइलचं दुकान आहे. पालिकेनं जुन्या इमारतींच्या तपासणीची नोटीस काढली होती. म्हणाला, "अंकल, तुम्ही तर घरचे. रिपेरिंग लिहून द्या, बाकी आम्ही बघतो. साहेबांनी बांधलेली आहे, काय होणार आहे?" मलाही तसंच वाटलं होतं. मी देव्हाऱ्याखालून तुमची हातोडी काढली. तुमच्या हातची इमारत, तुमचीच हातोडी. एका परीनं भेटच होती ती. तळमजल्याच्या पहिल्या कॉलमला हलकेच ठोकलं आणि भद्द आवाज आला.

मी कान बदलला. मग वाटलं गिलावा सुटला असेल, म्हणून छिन्नीनं गिलावा काढला. आत काँक्रीट मातकट, सळई जाडसर दोरखंडासारखी फुगलेली, बोटानं ओढली तर गंजाचे पापुद्रे निघाले. दुसरा कॉलम, तिसरा, जिन्याचा बीम. मी त्या दिवशी इमारतभर वेड्यासारखा फिरत होतो. काँक्रीटचे गाभे काढून प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं: मीठ. मी म्हणालो, शक्य नाही, ही रेती माझ्या डोळ्यांसमोर धुतली आहे, तिच्यासाठी मार खाल्ला आहे. परत पाठवले. परत तेच. मग एका संध्याकाळी मी मागच्या अंगणात गेलो. बोअरिंग अजून चालू होतं, संडासांना तेच पाणी होतं. बाटली भरली आणि तीही पाठवली.

साहेब, मीठ त्या पाण्यात होतं. वर नाला वाहत होता, त्यात कारखाने काय सोडत होते ते देवाला ठाऊक, आणि ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरत होतं. रंग मुरत नाही, वास मुरत नाही, मीठ मुरतं. तुम्ही खाडीचं मीठ काढायला रेती धूत होतात आणि प्रत्येक धुण्यात दुसरं मीठ घालत होतात. काँक्रीटही त्याच पाण्यात कालवलं, स्लॅबवर आळी करून तेच पाणी दिवसेंदिवस उभं ठेवलं. जिभेला लागत नाही एवढं मीठ सळईला पुरतं. हे कळल्यावर मी नाल्याच्या कठड्यावर बसलो आणि मला तुमचा भयंकर राग आला. मग तुम्ही हौदात पॅन्ट दुमडून उभे असलेले दिसलात आणि तो राग कुणावर काढावा हे कळेना.

मी रिपोर्टात अतिधोकादायक लिहिलं, ताबडतोब रिकामी करून पाडावी. सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये होती. मी वाचून दाखवत असतानाच सेक्रेटरीनं माझी कॉलर धरली. "जिसका नमक खाया उसका घर तोडेगा? नमकहराम!" पाठोपाठ त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. दात ओठात घुसला. खाली पडल्यावर कुणीतरी पोटात लाथ मारली. कुणी ते मी पाहिलं नाही आणि पाहायचंही नव्हतं. भाभी खुर्चीवर बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. मला मारल्यापेक्षा ते जास्त लागलं. मी कागद गोळा केले, रिपोर्ट पालिकेत दिला आणि तळमजल्याच्या कॉलमवर, जिथं तडा होता, तिथं काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून आलो. काच ताणली जात नाही. तडा हलला की ती फुटते. सेक्रेटरीला म्हणालो, ही रोज बघ. तो थुंकला.

पंधरवड्यात त्याच्याच स्वयंपाकघराचं छत खाली आलं. त्याची बायको पोळ्या लाटत होती. काँक्रीटचा पत्रावळीएवढा तुकडा तिच्या खांद्यावर पडला, हाड कातडी फाडून बाहेर आलं, आणि तवा उलटून हात भाजला तो वेगळाच. त्यानं तिला उचलून चार जिने खाली आणलं. त्या रक्ताचे ठिपके पायऱ्यांवर होते. इमारत पाडेपर्यंत ते कुणी पुसले नाहीत. ती वाचली. लोक भराभर निघाले. कुणी कॅम्प तीनला भाड्यानं, कुणी बदलापूरला भावाकडे. सेक्रेटरी शेवटचा टेम्पो भरून माझ्याकडे आला. माफी वगैरे काही नाही. मान खाली घालून एवढंच म्हणाला, "अंकल, भाभी को कौन निकालेगा?"

भाभी निघत नव्हत्या. तुमचा मुलगा दुबईहून फोन करून रडला, तर त्यांनी फोन बंद करून टाकला. पालिकेनं वीज तोडली, त्यांनी मेणबत्त्या आणल्या. पाणी तोडलं, तर वाण्याचा पोऱ्या बाटल्या आणून देऊ लागला. मी रोज संध्याकाळी जायचो. त्या दाराच्या फटीतून बोलायच्या. "मेरे आदमी ने रेती चख-चख के ये घर बनाया है. सगळ्यांचं पडेल, याचं नाही पडणार. तू जा, पुट. चहा नाही देऊ शकत, गॅस संपला." मी त्यांना पाण्याचं सांगू शकत होतो. रिपोर्टात लिहिलं होतं, पण तो त्यांनी वाचला नव्हता. जिना उतरताना दर वेळी ते वाक्य माझ्या तोंडात तसंच राहायचं, थुंकूही नये आणि गिळताही येऊ नये असं.

त्या सोमवारी देवळातून आलो आणि आधी काच बघितली. ती मधोमध फुटली होती. अर्धी खाली पडली होती. मी पालिकेच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, उद्या पोलीस घेऊन येतो, आज बंदोबस्त नाही. मी वर गेलो. हाका मारल्या, विनवण्या केल्या. आणि मग, साहेब, मी तुमचा दरवाजा फोडला.

फळी मोडून मी हात घालून कडी काढली आणि आत पाऊल टाकलं तोच कपाळावर लाटणं बसलं. भाभी दाराआड उभ्या होत्या. दुसरं बसलं ते कोपरावर. "निकल! निकल यहाँ से! साहब का दरवाजा तोडता है!" रक्त आणि भस्म एक होऊन नाकावरून ओघळलं. मी त्यांचे हात धरले नाहीत. लाटणं पडू देत देतच मी बोललो. "भाभी, रेतीत दोष नव्हता. पाण्यात होता. साहेबांनी ज्या पाण्यानं रेती धुतली, त्या पाण्यात मीठ होतं. त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही." लाटणं हवेतच थांबलं. त्या मागे सरून पलंगावर बसल्या. तुमच्या फोटोकडे वळल्या. मग म्हणाल्या, "उस पानी में दाल नहीं गलती थी."

मला आठवलं, त्या पाण्याला साबणाचा फेस येत नसे. साइटवर अंघोळ करून गेलो की केस काथ्यासारखे उभे राहायचे आणि आई हसायची. डाळ शिजत नव्हती म्हणून भाभींनी स्वयंपाकाला टँकरचं पाणी वेगळं ठेवलं. फेस येत नव्हता म्हणून मी घरी येऊन परत अंघोळ करत होतो. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. ते रेतीशी कुणी जोडलं नाही. भाभींनी लाटणं मांडीवर ठेवलं. मी म्हणालो, "साहेब असते तर काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "साहब होते तो पहले तुझे मारते. इतने दिन क्यों लगाए?" आणि मग त्या रडल्या, तोंडात पदर कोंबून. त्यांच्या गुडघ्यांनी जिने उतरणं होणार नव्हतं. मी खाली बसलो, त्या माझ्या पाठीवर आल्या, एका हातात तुमचा फोटो आणि दुसऱ्यात लाटणं. उतरताना पायऱ्यांवरचे ते रक्ताचे ठिपके बघून म्हणाल्या, "संभाल के." मी पाय जपून टाकू की त्या ठिपक्यांवर टाकू नको, यांतलं काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

इमारत त्याच आठवड्यात पाडली. पोकलेन चालवणाऱ्यानं यंत्राच्या दातांना कुंकू लावलं आणि नारळ माझ्यापुढे धरला. "तुम्ही फोडा साहेब." बांधायच्या वेळी जो विधी, तोच पाडायच्या वेळी. मी फोडला. भाभींनी यायचा हट्ट धरला होता, म्हणून त्यांना रस्त्यापलीकडे रिक्षात बसवलं होतं. तो लोखंडी जबडा वरच्या स्लॅबमध्ये घुसला, सळया आतड्यांसारख्या बाहेर लोंबल्या, अख्खा मजला गुडघे टेकल्यासारखा खाली आला आणि धुरळ्यात काही दिसेना. त्या धुरळ्यातून भाभींचा आवाज आला, "अरे धीरे! धीरे कर ना, मूए!" लेकराचे केस कापणाऱ्या न्हाव्याला ओरडावं तसा. तुमच्या घराची भिंत पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

भाभी आता बदलापूरला, हेंद्रेपाड्यात माझ्या घरी आहेत. मुलगा येऊन नेणार म्हणतो, त्या जात नाहीत. माझ्या आईचं आणि त्यांचं भाषेवाचून भांडण होतं, रोज. हातोडीचा दांडा त्या दरवाजावरच तडकला. मी नवा बसवलेला नाही. हा कागद भाभींना वाचून दाखवावा असं मनात आलं होतं, पण नको. आणि तुमचा जो एक पत्ता माझ्याकडे होता, तो तर मीच जमीनदोस्त केला.

एक सांगायचं राहिलं. सगळे गेल्यावर मी त्या ढिगाऱ्यात उतरलो. तुमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉलमचा एक तुकडा उचलला, दगडावर चेचला आणि त्याची रेती तोंडात टाकली. थुंकलो नाही. मिठागरवाल्याची जीभ, तुम्ही शिकवलेली. बराच वेळ तोंडात धरून उभा राहिलो. खारट लागली नाही, साहेब.